टायपिंग : आई

सही कुठं करायची म्हणालीस – इथं, खाली? थांब, चष्मा घेते, चष्म्याशिवाय मला आता काही – हां, सापडला. बस ना तू, उभी का? ती खुर्ची नको, तिचं चाक निघालंय, ती दुसरी ओढ. तू खदिजा. सांगायला नको, नाक तेच आहे – भावाचं, नावेदचं. कालच आलीस ना मंडणगडहून? व्हिजिट व्हिसा? दमली असशील. बघू काय लिहून आणलंयस – "मी, मथुरा प्रवीण शिगवण, सलमाबादच्या टायपिंग सेंटरमध्ये काम करते. नावेद एकवीस ऑगस्टपासून पंधरा दिवस आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत राहत होता. तो कामावरून पळाला नव्हता. सुपरवायझरनं त्याला गेटवर अडवलं म्हणून तो इथं आला होता." – छान लिहिलंय. कुणी लिहून दिलं, सुहानं? वाटलंच मला, तिचं इंग्लिश चांगलं आहे. म्हणजे माझी सही आणि दुकानाचा शिक्का, एवढंच हवंय, आणि सहाच्या आत हे त्या इमिग्रेशनच्या ऑफिसात पोचवायचंय, नाहीतर उद्या सकाळी सव्वाआठच्या विमानानं त्याला गावी परत पाठवणार. समजलं गं मला, तीनदा सांगितलंस. आता कुठं साडेचार होतायत – चारला तर शटर उघडलं मी. पंधरा मिनिटांचा रस्ता आहे. खूप वेळ आहे. चहा घे आधी.

फक्त एक आहे – हे इंग्लिशमध्ये आहे, तिकडे अरबी लागतं. घाबरू नकोस, मी करते ना, एकोणीस वर्षं तेच करतेय. दहा मिनिटांचं काम. आणि नुसतं माझं पत्र चालत नाही, वर तुझा अर्ज लागतो, सख्ख्या नातेवाइकाचा. तू असं कर, हा कोरा कागद घे आणि इथं खाली सही करून ठेव, वरचा मजकूर मी टाइप करते. – अगं, कोऱ्यावरच. आमच्या धंद्यात असंच असतं. माणसं बिचारी रजा काढून एकदा येतात, फॉर्म चुकला की परत सहीसाठी कुठून बोलवायचं, म्हणून आम्ही प्रत्येकाच्या दोन-दोन कोऱ्या सह्या घेऊन ठेवतो. सगळे करतात. नावेदनंसुद्धा केल्या होत्या – पहिल्याच दिवशी, रेसिडेंट कार्डाच्या रिन्यूअलला आला तेव्हा. हां – अशी. जरा खाली घे, मजकुराला जागा हवी. छान अक्षर आहे तुझं. दे इकडे, मी ड्रॉवरमध्ये ठेवते, चहा सांडायचा नाहीतर.

तर त्या दिवशी – दोन वर्षं झाली – तो इथं या काउंटरपाशी उभा होता, कंपनीच्या निळ्या डांगरीत, आणि बोटं काउंटरवर नुसती चालू. टकटक टकटक. मी म्हटलं, बाबा रे, काच फुटेल. तर हसला. म्हणाला, काकी, तुम्ही टाइप ज्या स्पीडनं करताय ना, त्या स्पीडला मी वाजवतोय. मी चिपळूणला मराठीची तीसची परीक्षा पास झाले होते गं, दहावीनंतर, तेवढंच माझं शिक्षण – पण माझ्या हाताला कुणी ताल आहे असं कधी म्हटलं नव्हतं. मी विचारलं, कुठला तू? तर मंडणगड. म्हणजे आपल्याच बाजूचा. आणि श्रेया – माझी मुलगी – ती तिथं कोपऱ्यात कॉलेजचं काही करत बसली होती, ती कधी गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघत नाही, तिनं कानातले इअरफोन काढले. ते मी बघितलं. आई आहे ना मी, मला दिसतं.

तिथून सुरू झालं सगळं. बँड. मला तर बँड म्हणजे लग्नाचा बँड माहीत. श्रेया म्हणाली, मॉम, हार्डकोर पंक. मी म्हटलं, म्हणजे काय? म्हणाली, एका मिनिटात जितका राग मावतो तितका. श्रेया ओरडायची – गायची म्हणत नाहीत त्याला – सुहा गिटार वाजवायची, ती श्रेयाच्याच कॉलेजातली, इथलीच मुलगी, आणि नावेद ड्रम. ड्रम कसले, कंपनीत एसीचे डक्ट बनवायचा ना तो, तर पत्र्याचे उरलेले तुकडे कापून त्यानं झांजा केल्या आणि पाण्याची निळी पिंपं घेतली दोन. तुला पाठवले असतील फोटो. आणि जागा कुठली, तर ही मागची खोली. शुक्रवारी दुकान बंद असतं, चावी माझ्याकडे. कागदाचे खोके भिंतींना छतापर्यंत लावले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. हो, मीच दिली खोली. अरबाबाला, दुकानाच्या मालकाला, आजपर्यंत माहीत नाही. मला काय वाटलं, पोरगी मॉलमध्ये फिरण्यापेक्षा माझ्या नजरेसमोर राहील.

बँडचं नाव "बारा ते चार". तुला ठाऊकच आहे, इथं उन्हाळ्यात बारा ते चार उघड्यावर काम करायला बंदी असते, सरकारचाच नियम आहे, चांगला नियम आहे. पण सगळ्या साइटवर पाळतात असं नाही. तर यांचं सगळं तेवढ्यावरच. आणि नावेदचा हट्ट असा, की प्रॅक्टिस पण बाराला सुरू करायची, चारला संपवायची, आणि एसी बंद. जुलै महिन्यात! मी म्हटलं, अरे मराल. म्हणाला, काकी, ज्यांना एसीत ओरडायचंय त्यांनी मॉलमध्ये ओरडावं. सुहा एकदा धाडकन पडली, गिटारसकट. मी कांदा फोडून नाकाशी धरला, लिंबू-मीठ पाजलं. डोळे उघडले तर विचारते, टेक चांगला झाला का? वेडी पोरं. अशी पोरं मी बघितली नव्हती कधी – खरं सांगते.

आणि गाणी मी टाइप करायची. नावेद मराठीत लिहायचा, श्रेयाला मराठी कळतं पण वाचता येत नाही, ती उत्तरसुद्धा इंग्लिशमध्ये देते. तर मी तिला वाचून दाखवायची, मग ती ओरडायची. विचार कर – आधी माझ्या तोंडून जायचं सगळं. "सावली कुणाची? मुकादमाची! पाणी कुणाचं? मुकादमाचं! ऊन कुणाचं? आमचं, आमचं, आमचं!" – मी अशी हळूच वाचायची, देवाचं काही वाचतात तशी, आणि ही तिघं हसून लोळायची. श्रेया म्हणायची, मॉम, यू आर किलिंग इट. घे ना गं चहा, निवतोय. मी काही तसलं मानत नाही हं, हाच कप मी पण वापरते. वेगळा ठेवलाय का तुझ्यासाठी? नाही ना?

पहिला कार्यक्रम जनाबियाला झाला, एका कंपाउंडमधल्या व्हिलाच्या गॅरेजात. तीस-चाळीस पोरं, सगळी मोठ्या घरची. अकरा गाणी, सतरा मिनिटं, खलास. पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती, एकाचा दात हलला आणि तो आईस्क्रीम मिळाल्यासारखा हसत होता. मग वॉचमन आला. नावेद परत येताना शेजारी बसला होता. मी गाडी चालवत होते. म्हणाला, ही पोरं आपलं गाणं ऐकतायत आणि यांच्याच बापांच्या साइटवर आपण उभे असतो. श्रेया म्हणाली, सो व्हॉट, दॅट्स द पॉइंट. तो म्हणाला, नाही, आपण कॅम्पवर, कामगार राहतात तिथं वाजवायला पाहिजे. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग कॅसेट काढली. आता कॅसेट कोण ऐकतं, पण यांच्यात ऐकतात म्हणे. दोनशे काढल्या, जर्मनीला गेल्या, इंडोनेशियाला गेल्या, कुठल्या कुठल्या पोरांनी अंगावर गोंदवून घेतलं, "बारा ते चार", देवनागरीत, मी टाइप केलेलं बघून. ही बघ. ड्रॉवरमध्येच असते माझ्या. आतला कागद उलगड. आवाज – श्रेया. गिटार – सुहा. ड्रम आणि शब्द – नावेद. आणि सगळ्यात खाली? वाच ना. "टायपिंग – आई." मला न विचारता टाकलं. नावेदनं टाकलं, श्रेयाला सुचलं नव्हतं ते. मी मोरीत जाऊन रडले होते त्या दिवशी. माझं नाव कशावर छापून आलंय कधी? लग्नपत्रिकेवर, तेवढंच.

एक मिनिट हां – हां भैया, बोलो? नहीं, सिस्टम डाउन है, कल आना. क्या, फोटोकॉपी? दो, कितनी? – दोनच मिनिटं खदिजा, बिचारा लांबून आलाय. – हां, ये लो. – काय म्हणतेस? नाही गं, सिस्टम डाउन म्हणजे त्याचं ते दुसरं, तुझं नाही. तुझं करतेच आहे. पाच वाजून दहा. आहे वेळ.

तर तुकाराम. नावेदनं सांगितलं असेल तुला. गुहागरकडचा, शटरिंगचा सुतार, आमच्या ह्यांच्याच साइटवर. आमचे हे – प्रवीण – तिथं सुपरवायझर आहेत. बावीस वर्षं. सुरुवात यांनीही शटरिंगवरनंच केली, हाताला अजून घट्टे आहेत. जुलैत तो तुकाराम स्लॅबवर पडला आणि परत उठला नाही. आता तो पडला कधी – त्यावर सगळं. बाराच्या आधी पडला तर ते हार्ट, ते काय कुणाच्या हातात असतं. बाराच्या नंतर पडला तर मग बंदीच्या वेळात माणसं वर का चढवली, कुणी चढवली, सही कुणाची. ह्यांनी टाइमशीटवर साडेअकरा लिहिलं. नावेद खाली डक्टच्या पाइपापाशी होता, तो म्हणाला एक चाळीस. त्यानं घड्याळ बघितलं होतं म्हणे. कशाला बघितलं? माणूस पडल्यावर माणूस माणसाकडे बघतो की घड्याळाकडे?

किती वाजता पडला ते मला विचारू नकोस. हे त्या दिवशी घरी आले, हातपाय न धुता गॅलरीत बसले. मी विचारलं नाही. तुकारामाला गावी पाठवायचे कागद मीच टाइप केले, "टाइम ऑफ डेथ" च्या पुढे साडेअकरा टाइप केलं. एका बोटानं टाइप केलं ते. एरवी मी दहा बोटांनी करते.

आणि पुढच्या शुक्रवारी नावेद नवीन गाणं घेऊन आला. "एक चाळीस". नाव एक चाळीस, आणि लांबीही बरोबर एक मिनिट चाळीस सेकंद, घड्याळ लावून बसवलं होतं पोरांनी. मला टाइप करायला दिलं. मी वाचलं. त्यात कंपनीचं नाव होतं, तारीख होती, तुकारामाच्या गावाचं नाव होतं. शेवटी मोकळी जागा सोडली होती, टिंब टिंब टिंब. मी विचारलं, इथं काय? नावेद माझ्याकडे बघेना. म्हणाला, अजून ठरलं नाही काकी. खोटं बोलला माझ्याशी. माझ्या दुकानात, माझ्या हातचा चहा पिऊन.

कॅम्पवरचा कार्यक्रम ऑगस्टच्या वीस तारखेला. इथूनच पुढच्या गल्लीत. ट्रेलर उभा केला होता, त्यावर ही तिघं. सहाशे माणूस. मी सरबताचं पातेलं घेऊन गेले होते – होय, मी – लिंबाचं सरबत, सहाशे माणसाला पुरतंय का, पण रिकाम्या हातानं कशी जाणार? माणसं चपला काढून त्यावर उकिडवी बसली होती, जनाबियाच्या पोरांसारखं कुणी उड्या मारत नव्हतं. आधी हसले. मुलगी असं ओरडते म्हणून हसले. मग "सावली कुणाची" आलं आणि एकानं डब्याचं झाकण वाजवलं. मग दुसऱ्यानं. मग सहाशे झाकणं. खदिजा, माझ्या पायाखालची वाळू हलत होती. मी पण पळी वाजवली पातेल्यावर. खोटं कशाला बोलू, वाजवली.

आणि मग शेवटचं गाणं. एक चाळीस. आणि ती मोकळी जागा आली, ड्रम थांबला, सगळं थांबलं, आणि माझी पोरगी, जिला मी नऊ महिने – ती ओरडली, "सुपरवायझर प्रवीण शिगवण! साडेअकरा लिहिलंस! किती वाजलेत? किती वाजलेत?" आणि सहाशे माणसं उठून उभी राहिली. "एक चाळीस!" बापाचं नाव गं. आडनावासकट. तिचंही तेच आडनाव आहे, तेही तिनं ओरडून सांगितलं सगळ्यांना, "माय फादर," म्हणाली, "माय ओन फादर." माझ्या हातात पळी होती.

ते नावेदनं घातलं असं श्रेया म्हणत नाही. श्रेया म्हणते, मी घातलं, नावेद नको म्हणत होता. असेल. पोरं एकमेकांना सांभाळून घेतात. मी काही तिला विचारलं नाही त्यांच्यात काय होतं ते. तसं काही नव्हतंच. पण आईनं कुणावर तरी राग धरायला हवा ना, आणि पोटच्या पोरीवर किती धरणार?

दुसऱ्या दिवशीपासून हे साइटवर गेले की माणसं सळईनं ठोकायची. एक – आणि मग चाळीस भरभर. कुणी तोंडानं काही बोलायचं नाही. हे वळले की बंद. हे चालले की चालू. चार दिवसांनी ह्यांनी डबा तसाच परत आणला. सहाव्या दिवशी रात्रीचं जेवण बंद केलं. वर ऑफिसात कुणीतरी व्हिडिओ दाखवला. म्हणाले, प्रवीण, हे मिटव, नाहीतर तो टाइम आम्हाला बदलावा लागेल. बदलावा लागेल म्हणजे काय, कळतंय ना तुला? म्हणजे यांचा एकट्याचा गळा. बावीस वर्षं, आणि परत जायचं ते असं. आणि जाऊ दिलं तर.

नावेदला तर ह्यांनी एकवीस तारखेलाच गेटवर थांबवलं होतं. लेखी काही नाही, वॉचमनला तोंडी – याला आत घेऊ नको. तर तो कॅम्पवर न जाता इथं आला. काउंटरपाशी उभा. बोटं गप्प. म्हणाला, काकी, तुमची माफी मागायला आलोय. मी म्हटलं, जेवलास का? – हो, तेच म्हटलं. मी म्हटलं, कॅम्पवर जाऊ नकोस, तिथं तुला मारतील, इथं मागच्या खोलीत राहा. खोक्यांवर गादी घातली. पंखा दिला. रोज सकाळी डबा, दुपारी डबा. एकदा कोलंबीचं सांबार केलं, आपल्याकडचं, तर दोनदा भात घेतला त्यानं. इतकी काळजी मी स्वतःच्या – तुलासुद्धा इतकी घेता आली नसती, लिहून देते तसं. मी म्हणायची, बाहेर जाऊ नकोस, फोन बंद ठेव, मी ह्यांच्याशी बोलते, चार दिवसांत मिटेल. आणि ऐकायचा. फार ऐकायचा गं तो माझं.

बाराव्या दिवशी म्हणाला, काकी, मी आता कामावर जातो, गेटवर बसतो, काय करतील? मी म्हटलं, थांब, हे आज जरा शांत आहेत, दोन दिवस दे. चौदाव्या दिवशी चपला घालून तयार. मी म्हटलं, अरे, उद्या मी घावणे करणार आहे, नारळाचा रस काढणार आहे, ते खाऊन परवा जा. तर थांबला. घावण्यांसाठी थांबला. सोळा खाल्ले. मी मोजले.

असं बघू नकोस. पंधरा दिवसांचं मी काही ठरवून – हे बघ, माणूस पळाल्याचा कंपनीचा रिपोर्ट लागायला सलग पंधरा दिवस गैरहजेरी लागते, कॅम्पवर अंगठा नाही, साइटवर अंगठा नाही. चौदा असले तर लागत नाही. ते मला माहीत असणारच, असले रिपोर्ट आठवड्याला दोन-तीन टाइप करते मी. माहीत असणं वेगळं आणि करणं वेगळं. सोळाव्या दिवशी सकाळी कंपनीचा पीआरओ, सरकारी कागद फिरवणारा, आला – तो येतो रोज, सकाळी येतो, संध्याकाळी साडेसहाला येऊन तयार कागद घेऊन जातो. तर तो नाव घेऊन आला. मथुराबेन, एक ॲबस्कॉन्डिंग रिपोर्ट टाइप करा, माणूस पळालाय. नावेद. मी काय करू? नाही म्हणू? नोकरी आहे माझी. मी टाइप करायला बसले, आणि मागच्या खोलीत हा ताटलीवर बोटं वाजवत बसलेला. टकटक टकटक. आणि खदिजा, माझे हात त्याच्याच तालावर चालले. एकही चूक नाही. प्रिंट काढला. पीआरओ म्हणाला, हा आवाज कसला? मी काही बोलले नाही. शप्पथ घेऊन सांगते, एक शब्द बोलले नाही मी. मागच्या दाराकडे फक्त बघितलं.

...

पोलीस नेताना त्याला वाटत होतं की मी सोडवणार. "काकी, सांगा ना यांना." मी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. उन्हाची वेळ होती.

आणि आता तू आलीस हा कागद घेऊन. मी सही केली तर काय होईल, मला सांग. नावेद सुटेल, बरोबर. मग त्याला विचारतील, गेटवर का अडवलं? मग एक चाळीस. मग हे. आणि मग मी, कारण आसरा कुणी दिला, रिपोर्ट कुणी टाइप केला – एकच बाई. तुझा भाऊ उद्या घरी जाईल, आईच्या हातचं खाईल, तरुण आहे, दुसरीकडे लागेल, दुबई आहे, कतार आहे. त्याचं काय वाकडं होणार आहे? परत इथं येता येणार नाही, एवढंच. इथं काय ठेवलंय असं? माझ्या घरातलं माणूस मात्र – नाही नाही, सही करणार नाही असं कुठं म्हटलं मी? करते ना. आधी अरबी तर होऊ दे.

श्रेयाला फोन करतेस? कर की. नंबर बदललाय तिचा. पुण्याला पाठवलंय तिला, माझ्या बहिणीकडे, कोर्स करतेय कसला तरी. ती नाही येणार नावेदसाठी. तिला माहितेय त्यानं काय केलं. – काय केलं म्हणजे? अगं, त्यानं लिहून दिलं ना कंपनीला, की तुकाराम साडेअकराला पडला, मी स्वतः बघितलं, आधी बोललो ते रागात खोटं बोललो. सहीचा कागद आहे. मीच दाखवला श्रेयाला. तिनं दहा वेळा वाचला – इंग्लिशमध्ये होता, मी तिला वाचता यावं म्हणून – तिला वाचता यावं म्हणून कंपनीनं इंग्लिशमध्ये घेतला होता. तिनं सही बघितली, तिला त्याची सही ओळखू येते. एवढी ओरडणारी पोरगी, एक आवाज नाही. मागच्या खोलीत जाऊन पत्र्याच्या झांजा पायानं वाकवल्या एकेक. मग सुहाला मेसेज केला, बँड इज ओव्हर. जर्मनीवाल्यांनी विचारलं दुसरी कॅसेट कधी, त्यांना मीच उत्तर टाइप केलं. बँड खलास, थँक यू. दोन वर्षं, एक कॅसेट, दोन कार्यक्रम. संपलं.

सुहाला नाही पटलं ते. ती म्हणाली, नावेद असं लिहून देणारच नाही, आणि दिलं तर मराठीत देईल, इंग्लिश त्याला कुठं येतं? फार हुशार आहे ती मुलगी. म्हणूनच तुला तिनं – अगं, अगं, काय करतेस? ड्रॉवरला हात लावू नकोस. तिथं गिऱ्हाइकांचे कागद आहेत. कुठला कागद? तुझा? तुझा तर अर्ज आहे ना, टाइप व्हायचाय अजून. काढून काय करणारेस? कोरा कागद आहे तो, कोऱ्या कागदाला काय घाबरायचं? – नाही, किल्ली नाही माझ्याकडे. – आवाज खाली कर, बाहेर माणसं आहेत. ओरडू नकोस, बाळा. ओरडून काय होतं ते मी बघितलंय.

बघ, बोलता बोलता सहाला पाच कमी. आता तू धावत गेलीस तरी तिथं शिपाई दार लावत असेल. माझंच चुकलं, मी बोलत बसले. मला मेलीला कुणी ऐकणारं मिळालं की असंच होतं. चहा पण तसाच राहिला तुझा, साय धरली. असं कर, आता हॉटेलवर जा, आंघोळ कर, झोप. उद्या सकाळी नऊला ये. नऊला बरोबर. मी सगळं तयार ठेवते – पत्र, शिक्का, तुझा अर्ज, सगळं. चालेल? – सव्वाआठ? हो का, सव्वाआठ म्हणालीस नाही का तू. माझ्या लक्षात राहत नाही हल्ली. बघू, मी लवकर येते वाटल्यास. इंशाल्ला. ही कॅसेट घेऊन जा हवी तर, आठवण म्हणून. नको? बरं. दार हळू लाव, काच सैल आहे. यल्ला, जा आता. साडेसहाला माझा माणूस येईल, त्याच्या आत मला एक टायपिंग उरकायचंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावेदला सव्वाआठच्या विमानानं पाठवलं. त्याच्या फाइलीत सगळ्यात वर एक कागद लावलेला होता : भावाला परत पाठवण्याबद्दल कुटुंबाची काहीही तक्रार नाही. टायपिंगमध्ये एकही चूक नव्हती, आणि खाली खदिजाची सही होती.